१० टक्के लोकवर्गणी: गावच्या पाणी योजनांतल्या भागीदारीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण विकासाची बरीच कामे जिल्ह्याच्या हाती गेली. गाव मात्र लाभार्थीच राहिले. १९७२च्या दुष्काळानंतर विंधण विहिरी, हातपंप आणि पुढे नळयोजना झाल्या. आराखडा अभियंत्याचा, निविदा वरून, आणि काम संपले की योजना ‘हस्तांतरित’ होऊन ग्रामपंचायतीच्या गळ्यात. सोबत वीजबिलही येई, म्हणून ती ताब्यात घ्यायला अनेक ग्रामपंचायती टाळाटाळ करत. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पिण्याचे पाणी अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींकडे सोपवायच्या विषयांच्या यादीत गेले, पण निधी आणि निर्णय दोन्ही वरच राहिले.

वळण आले ते १९९९-२०००मध्ये. केंद्राने ६७ जिल्ह्यांत ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या प्रायोगिक सुधारणा हाती घेतल्या, राज्याने मागणी आधारित धोरण स्वीकारले. डिसेंबर २००२मध्ये केंद्राची स्वजलधारा योजना आणि २००३पासून परदेशी कर्जातून २६ जिल्ह्यांत राज्याचा जलस्वराज्य प्रकल्प आला. सूत्र सगळीकडे जवळपास एकच. गावाने मागणी करायची, भांडवली खर्चाच्या १० टक्के भरायचे, देखभाल-दुरुस्ती पूर्ण आपल्या खर्चाने करायची. बदल्यात पैसा गावपातळीवरच्या खात्यात आणि खरेदीचा अधिकार गावाच्या पाणीपुरवठा समितीकडे.

या १० टक्क्यांवर जेवढा वाद झाला तेवढा उरलेल्या ९० टक्क्यांवर कधी झाला नाही. समजा योजना ४० लाखांची आणि गावात ३२० कुटुंबे. वर्गणी ४ लाख, म्हणजे घरटी १,२५०. विरोधकांचा मुद्दा साधा होता: शहरातल्या माणसाकडून जलवाहिनीची वर्गणी कोणी आधी मागत नाही, मग खेड्यात का? हा मुद्दा खोडता येत नाही. समर्थकांचे म्हणणे असे, की पैसे भरलेला माणूस कामावर जाऊन उभा राहतो. तेही खरे, पण एका अटीवर: पावती घराच्या नावाने फाटली पाहिजे. हप्ते सुगीनंतर घ्यायचे, ऊसतोडीला गेलेल्या घरांना परतेपर्यंत मुदत द्यायची, ज्यांना रोख जमत नाही त्यांचे श्रमदान चर खोदाईच्या दराने मोजून वहीत चढवायचे. असे केलेल्या गावांत वर्गणी गोळा व्हायला वेळ लागे, आणि सरकारी भाषेत तो ‘विलंब’ ठरे.

निधी मार्चअखेर खर्च व्हायचा असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी सोपी वाट निघाली. रक्कम एकाच दिवशी, एकाच चलनाने बँकेत भरली गेली. कधी दोन-चार पुढाऱ्यांनी भरली, कधी ज्याला काम मिळणार त्या ठेकेदाराने. नोंद ‘लोकवर्गणी जमा’ अशीच. पुढचे गणित उघड आहे. ठेकेदाराने भरलेले ४ लाख कामातूनच वसूल होणार. ९० सेंटिमीटरचा चर ६०वर थांबतो, पाइपाखाली मुरूम पडत नाही, मोजमाप पुस्तिकेत मात्र खोली पूर्ण असते. पहिल्या नांगरटीत किंवा जड ट्रॅक्टरखाली पाइप फुटतो. विचारायचे कोणी? गावात पावती कोणाकडेच नसते. वर्गणीची कल्पना फसली असे म्हणणाऱ्यांनी निदान हा फरक लक्षात घ्यायला हवा होता. २००९नंतरच्या केंद्रीय कार्यक्रमात वर्गणीची अट सैल झाली, ती सरसकट.

दुसरा गुंता समितीचा. २००३च्या दुरुस्तीने ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९खाली ग्रामसभेने समित्या नेमायच्या असे ठरले: १२ ते २४ सदस्य, किमान एक तृतीयांश ग्रामपंचायतीतले, निम्म्या महिला. कागदावर रचना चांगली. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती, पण तहकूब सभेला ती अट लागत नाही. त्यामुळे पुष्कळ समित्या तहकूब सभेतच, हजेरीपटावरच्या मोजक्या सह्यांनी जन्माला आल्या. महिला सदस्यांच्या सह्या घरपोच घेतल्या गेल्या. खाते समितीचे, मालमत्ता ग्रामपंचायतीची आणि पाणीपट्टीची वसुली ग्रामसेवकाकडे, अशी तीन टोके झाली. सत्तांतर झाले की नवा सरपंच जुन्या समितीचे दप्तर मागे आणि ते मिळत नसे.

२०१९च्या जल जीवन मिशनने समितीला ग्रामपंचायतीची उपसमिती मानून हा तंटा कागदावर मिटवला. सदस्य १० ते १५, लोकप्रतिनिधी २५ टक्क्यांपर्यंत, महिला निम्म्या, उरलेली जागा दुर्बल घटकांना. दरडोई रोज ५५ लिटरचे माप आले. वर्गणीही परत आली, पण फक्त गावांतर्गत कामांवर: डोंगरी, वनक्षेत्रातल्या आणि निम्म्याहून अधिक अनुसूचित जाती-जमातींच्या गावांत ५ टक्के, इतरत्र १०. रोख, वस्तू किंवा श्रम, काहीही चालते. योजना नीट चालू झाली की गावांतर्गत भांडवली खर्चाच्या १० टक्के प्रोत्साहन म्हणून फिरत्या निधीत मिळावेत अशीही तरतूद आहे. मोटार जळाली तर हाच पैसा कामाचा. त्यासाठी खाते वेगळे ठेवावे, ग्रामनिधीत मिसळू नये.

‘फक्त गावांतर्गत’ या दोन शब्दांमुळे अनेक गावांना मिळून पाणी देणाऱ्या प्रादेशिक योजनांचा सामाईक भाग वर्गणीच्या कक्षेबाहेर राहिला. उद्‌भव (पाण्याचा स्रोत), शुद्धीकरण केंद्र आणि मुख्य जलवाहिनी या गावांच्या सामाईक असतात आणि मोठा वीजखर्चही तिथेच होतो. या गावांची मिळून शिखर समिती असते. चार गावांनी पाणीपट्टी थकवली की वीज तुटते आणि नियमित भरणाऱ्या गावाचाही नळ बंद पडतो. गावागावांत मीटर बसवून मोजून पाणी द्यावे हा तोडगा जुना आहे, पण मुख्य वाहिनीवरचा मीटर आणि व्हॉल्व्ह कोणाच्या ताब्यात असावा यावर शिखर समितीचे एकमत क्वचितच होते.