मोठे इंजिन, लहान गाडी आणि खान्देशातला मे महिना

जुन्या मारुती 800 मध्ये झेनचे इंजिन बसवण्याची हौस खान्देशातही आहे. त्यासाठी आरटीओची परवानगी काढावी लागते, ती काढलीच पाहिजे; परंतु परवानगीइतकाच महत्त्वाचा असलेला, इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरचा प्रश्न मात्र बहुधा शेवटी, गाडी पहिल्यांदा उकळल्यावर विचारला जातो. मूळचे 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन सुमारे 37 अश्वशक्तीचे, तर झेनचे 993 सीसीचे नंतरचे इंजिन सुमारे 60 अश्वशक्तीचे. पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीने चालते तेव्हा जेवढी शक्ती चाकांकडे जाते, ढोबळमानाने तेवढीच उष्णता कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांमधून फिरणाऱ्या द्रवात उतरते. म्हणजे ताकद वाढली त्याच प्रमाणात रेडिएटरचे कामही वाढले.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. कूलंट 95 अंशांवर आणि हवा 30 अंशांवर असेल तर हा फरक 65 अंशांचा असतो. जळगाव-भुसावळच्या 45 अंशांत तो 50 वर येतो. तोच रेडिएटर, तोच पंखा, तरी क्षमता जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटलेली असते. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, पुढे असेल तर रेडिएटरपर्यंत पोहोचणारी हवा आधीच आणखी तापलेली असते.

अशा वेळी दुकानातला सर्वांत जाड रेडिएटर उचलण्याचा मोह होतो आणि माझ्या मते बहुतेकांची चूक इथेच होते. हवा नळ्यांच्या पहिल्या रांगेतून जातानाच तापते, त्यामुळे मागच्या रांगांच्या वाट्याला गरम हवा येते. शिवाय जाडी वाढली की हवेला होणारा अडथळाही वाढतो. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असते, इंजिन जोरात असते आणि समोरून येणारा वारा जवळजवळ नसतो. 40 किलोवॉट (सुमारे 54 अश्वशक्तीइतकी) उष्णता वाहून न्यायची आणि हवा 30 अंशांनीच तापू द्यायची, तर दर सेकंदाला सुमारे 1.2 घनमीटर हवा रेडिएटरच्या जाळीतून गेली पाहिजे. म्हणून ग्रिलमागे मावेल तेवढा रुंद आणि उंच, पण मध्यम जाडीचा रेडिएटर घ्यावा आणि पंख्याभोवती प्लास्टिकचे आवरण अवश्य बसवावे. ते नसेल तर पंखा फक्त आपल्यासमोरच्या गोल भागातूनच हवा ओढतो आणि कोपरे वाया जातात.

फिन्स, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या, फार दाट असलेली जाळीही इथे उपयोगाची नाही. रोज धरणगावच्या बाजूने ये-जा करणाऱ्या एका गाडीचा कंडेन्सर काढताना मी जवळ उभा होतो. पुढून सगळे स्वच्छ दिसत होते, पण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये कापसाचे तंतू आणि धूळ यांचा नमद्यासारखा थर बसला होता, बोटाने सोलून निघेल असा. हवा तिथेच अडत होती.

तांबे-पितळ की ॲल्युमिनियम, हा वाद वाटतो तेवढा मोठा नाही. तांबे उष्णता अधिक चांगली वाहते हे खरे. मात्र ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद ठेवता येतात आणि वजनही कमी राहते. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला झाळ देऊन गळती गावातच बंद करता येते, हा त्याचा खरा फायदा. कोणताही घेतला तरी त्यात बोअरचे पाणी ओतू नये, कारण नळीत साचणारा क्षारांचा थर ॲल्युमिनियमपेक्षा शंभरपटीने कमी उष्णता वाहतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांचे मिश्रणच भरावे. 0.9 बारचे झाकण आतला दाब नीट धरत असेल तर साधे पाणीसुद्धा सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही, तेव्हा नव्या रेडिएटरवर जुने, रबर कडक झालेले झाकण बसवू नये. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप, काढून टाकणे हा उपाय नव्हे.

नवा रेडिएटर बसवल्यावर दुपारी तीनच्या सुमारास घाट चढावा, वर सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन चालू ठेवावे आणि झाकणाला हात न लावता इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या वरच्या व खालच्या होजचे (रबरी नळीचे) तापमान मोजावे. गाडी तापलेली असून दोन्हींत फरक थोडाच असेल, तर हवा पुरत नाही, म्हणून पंखा आणि आवरण पाहावे. फरक खूप मोठा असेल, तर पाणी नीट फिरत नाही, म्हणून पंप, थर्मोस्टॅट आणि नळ्या तपासाव्यात.