किलोवॅट म्हणजे इंजिन, युनिट म्हणजे टाकी

जुन्या गाड्यांच्या कुठल्याही मेळाव्यात हल्ली हा संवाद ठरलेला. कुणाचा तरी भाचा टाटाची इलेक्ट्रिक नेक्सॉन घेऊन येतो. बॉनेट उघडून उभे असलेले एक काका पुसणी खांद्यावर टाकून विचारतात, "काय रे, बॅटरी किती किलोवॅटची?" भाचा म्हणतो, "तीसची, काका." काका मनातल्या मनात हिशेब करतात. आपली पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, ४० हॉर्सपॉवरची, म्हणजे साधारण ३० किलोवॅट. "हात्तिच्या! म्हणजे आमच्या फियाटएवढीच की!" सगळे हसतात. भाचाही हसतो, कारण चूक कुठे झाली ते त्यालाही माहीत नसतं.

हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता लिहूनच टाकतो.

पद्मिनीबद्दल तुम्हाला काय सांगायचं? कुर्ल्याचा कारखाना, १०८९ सीसी, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, थंडीत ओढायचा चोक. मुंबईच्या काळ्यापिवळ्या ताफ्यातून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची उतरली तेव्हा आपण सगळेच हळहळलो. हे सगळं तोंडपाठ असलेला माणूस विजेच्या गाडीपाशी आला की का अडखळतो, हा प्रश्न आहे. आवाज नसणं, गिअर नसणं, तेल न बदलणं हे फरक एका फेरीत कळतात, त्यावर शाई घालवत नाही. घोळ आहे तो एकाच ठिकाणी. किलोवॅट वेगळा आणि किलोवॅट-तास वेगळा.

किलोवॅट ही ताकद. हॉर्सपॉवरचीच दुसरी फूटपट्टी. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे पाऊण किलोवॅट. हा आकडा इंजिनाचा किंवा मोटरचा असतो, साठ्याचा कधीच नसतो. किलोवॅट-तास हा साठा. आणि त्याला आपल्याकडे छान, रुळलेला शब्द आहे: युनिट. लाइटबिलावर छापलेलं युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास. २०२० साली आलेल्या पहिल्या इलेक्ट्रिक नेक्सॉनच्या बॅटरीत ३०.२ युनिटं मावतात. म्हणजे काकांच्या '३०'ची तुलना त्या '३०'शी करणं म्हणजे "माझं इंजिन ११०० सीसीचं आणि तुझी टाकी ११०० लिटरची, बरोबरी झाली" म्हणण्यासारखं आहे.

आता माझ्या खऱ्या डोकेदुखीकडे येतो. बातम्यांमध्ये, जाहिरातींमध्ये आणि शोरूममधल्या पोरांच्या तोंडी सर्रास येणारा शब्दप्रयोग: "३० किलोवॅट प्रति तास क्षमतेची बॅटरी." प्रति तास! ताशी किलोमीटरची इतकी सवय झालीय की तास दिसला की आपण 'प्रति' चिकटवून मोकळे होतो. इथे भागाकार नाहीच, गुणाकार आहे. रोजगार हमीच्या कामांवर 'मनुष्यदिवस' मोजतात ना, तसं. दहा माणसं पाच दिवस राबली की पन्नास मनुष्यदिवस. त्याला कुणी 'माणसं प्रति दिवस' म्हणत नाही. तसंच एक किलोवॅटची ताकद एक तास वापरली की एक किलोवॅट-तास. जोडशब्द आहे तो. मधे 'प्रति' घातला की अर्थाचा मुडदा पडतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की बॅटरी तासाला तीस काहीतरी बाहेर टाकते.

शेती असलेल्या घरात हे समजावणं सोपं जातं. विहिरीवरची मोटर पाच एचपीची (एचपी म्हणजे हॉर्सपॉवरच), म्हणजे पावणेचार किलोवॅटच्या आसपास. ही झाली ताकद. ती आठ तास चालली की जवळपास ३० युनिटं (मोटरमधली घट सोडून देऊ). म्हणजे उसाला एक दिवस पाणी दिलं की नेक्सॉनची अख्खी बॅटरी रिकामी झाली समजा. मीटर नसलेल्या कृषिपंपांना आपल्याकडे बिल एचपीवर लावतात. म्हणजे ताकद पाहून वापराचा अंदाज बांधायचा. त्यावरून गावोगाव किती वाद होतात ते सांगायला नको, पण पाच एचपीचा पंप दोन तास चालवणारा आणि दहा तास चालवणारा सारखे नाहीत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

तर आता नीट तुलना करू. ताकदीला ताकद लावा: पद्मिनीचे ३० किलोवॅट, त्या नेक्सॉनच्या मोटरचे ९५. तिपटीहून जास्त. सिग्नल सुटल्यावर पाठ सीटला चिकटते ती यामुळे, आणि मोटरचा जोर पहिल्या फेऱ्यापासूनच मिळतो म्हणून. पिकअपच्या वादात फियाटवाल्यांनी पडू नये, मी तरी पडत नाही.

पण साठ्याला साठा लावला की पारडं असं फिरतं की भाचा गप्प होतो. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिटं ऊर्जा असते. टाकीत ३८ लिटर भरलं तर साडेतीनशेच्या घरात युनिटं झाली. ४० हॉर्सपॉवरची ही म्हातारी अकरा नेक्सॉनांच्या बॅटऱ्या बुडाशी घेऊन फिरते, आणि ते सगळं वजन तीस किलोसुद्धा भरत नाही! मग ती अकरापट लांब का जात नाही? कारण आपलं लाडकं इंजिन त्यातली बहुतेक ऊर्जा रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उधळतं. लिटरला बारा किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज धरलं तर पद्मिनीला किलोमीटरमागे पाऊण युनिट लागतं. नेक्सॉन एका चार्जमध्ये खऱ्या रस्त्यावर दोनशे किलोमीटर गेली तरी किलोमीटरमागे ०.१५ युनिट. पाचपट फरक. फियाट म्हणजे जहागीरदाराचं घर, कोठार भरलेलं आणि हात सैल. विजेची गाडी म्हणजे महिन्याच्या पगारात नेटका संसार करणारी.

चार्जिंगचा घोळसुद्धा इथूनच निघतो. चार्जरवर लिहिलेला आकडा किलोवॅटमध्ये असतो, म्हणजे भरण्याचा जोर. घरातल्या ३.३ किलोवॅटच्या जोडणीवर तीस युनिटं भरायला नऊ-दहा तास जाणारच, त्यात कंपनीची लबाडी काही नाही. उलट पेट्रोल पंपाकडे बघा. ३८ लिटर दोन मिनिटांत भरले, तर तो नोझल हिशेबाने दहा हजार किलोवॅटचा चार्जर ठरतो. पंपावरचा पोऱ्या एका हाताने तो धरून दुसऱ्या हाताने सुटे पैसे मोजत असतो.

आणि 'ईव्ही म्हणजे नवं, क्लासिक म्हणजे पेट्रोल' हेही डोक्यातून काढा. ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी पहिली मोटारगाडी विजेवर चालणारी होती. बेल्जियमच्या कामी जेनात्झीने १८९९ साली फ्रान्समध्ये ती पळवली. नाव 'ला जामे कॉन्तांत', म्हणजे कधीच समाधानी नसलेली. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' नावाची विजेची गाडी वापरायची. त्या गाड्या मागे पडल्या त्याचं एक मोठं कारण साठा. मोटर तेव्हाही बरी होती, पण शिशाच्या बॅटरीत युनिटं मावायची ती थोडीच. तोवर १९१२ च्या कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणून हँडल मारून इंजिन सुरू करायची कटकट संपवली आणि पेट्रोलचं फावलं.

हे सगळं आज उगाळायचं कारण म्हणजे माझ्या ओळखीतल्या दोघांना जुन्या गाडीत विजेची मोटर बसवायची हुक्की आलीय. मला स्वतःला हा प्रकार आवडत नाही. चालणारं मूळ इंजिन उपटून काढणं मला बघवत नाही. पण इंजिनच नसलेला, गंजत पडलेला सांगाडा असेल तर माझी हरकत नाही. त्यातल्या एकाला किट विकणाऱ्याने सांगितलं, "साहेब, पूर्ण ३० किलोवॅटचं आहे, ओरिजिनल फियाटइतकं." गडी खूश होऊन आगाऊ रक्कम द्यायला निघाला होता. मी एवढंच म्हटलं, युनिटं किती ते विचार. त्याने फोन लावला. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही, मग उत्तर आलं: "आठ."