पोटमाळ्यात मुलाची झोपण्याची खोली: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नेमका कुठे अडकतो

पोटमाळ्याचे रूपांतर मुलाच्या झोपण्याच्या खोलीत करण्याचे जे अर्ज परत येतात, त्यांवर बहुधा ‘उंची अपुरी’ एवढाच शेरा असतो आणि अर्जदार आपले छप्परच बसके आहे असे समजून नाद सोडतो. पुष्कळदा दोष छपराचा नसतो. उंची चुकीच्या ठिकाणी मोजलेली असते, चुकीच्या वेळी मोजलेली असते, किंवा आराखड्यात दाखवलेलीच नसते. नियम देशागणिक आणि कित्येकदा नगरपालिकेगणिक बदलतात. येथे उदाहरणासाठी मुख्यतः अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी आपापल्या दुरुस्त्यांसह स्वीकारलेला ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’ (राहत्या घरांच्या बांधकामाची नमुना संहिता) घेतला आहे, कारण उतरत्या छपराखालच्या खोलीचा त्यात तपशिलाने विचार केलेला आहे.

बाहेरून एकही वीट हलणार नसेल तर परवानगी कशाला, हा प्रश्न हमखास विचारला जातो. परवानगी भिंतीसाठी नसून वापरासाठी असते. सामान ठेवण्याच्या जागेत माणूस झोपणार असेल, तर ती जागा राहण्यायोग्य खोलीच्या सर्व अटींना पात्र ठरावी लागते. अर्ज मालकाने करावयाचा असतो. सहमालक असल्यास त्यांची लेखी संमती जोडावी. एकाहून अधिक कुटुंबांच्या इमारतीत छपराखालची जागा अनेकदा सामाईक असते, त्यामुळे ती खरोखर आपल्या मालकीची आहे का, हे खरेदीखतात आधी वाचून घ्यावे.

अर्जांत वारंवार आढळणारे आणखी एक वाक्य म्हणजे ‘खोली लहान मुलासाठी आहे, त्यामुळे कमी उंची चालेल’. ते लिहू नये. खोलीची किमान उंची मुलाच्या वयावर ठरत नाही, आणि या वाक्याने अर्जदाराने उंची कमी असल्याची कबुली मात्र स्वतःच्या सहीने दिलेली असते.

उंचीचा हिशेब

वर सांगितलेल्या संहितेनुसार राहण्याची खोली किमान 70 चौरस फुटांची आणि कोणत्याही आडव्या दिशेने किमान 7 फुटांची असावी लागते. छत उतरते असेल, तर या आवश्यक क्षेत्रफळापैकी निम्म्या भागावर 7 फूट उंची हवी, आणि 5 फुटांहून कमी उंचीचा भाग या क्षेत्रफळात धरता येत नाही. येथे ‘आवश्यक’ हा शब्द सोडून वाचणारे दोन्ही बाजूंनी फसतात. पोटमाळा 300 चौरस फुटांचा असेल, तर 150 चौरस फुटांवर 7 फूट उंची लागेल असे समजून काही जण अर्जच करत नाहीत. प्रत्यक्षात 70 चौरस फुटांच्या निम्मे, म्हणजे 35 चौरस फूट पुरतात. उलट काही जण वळचणीकडचा बसका भाग धरून 70 चौरस फुटांची भरती करतात आणि छाननीत तो भाग वगळला की खोली अपात्र ठरते. आराखड्यात मजल्याच्या नकाशावर 5 फूट आणि 7 फूट उंचीच्या दोन रेषा स्पष्ट आखून प्रत्येकीच्या आतले क्षेत्रफळ लिहिले, तर हा वाद बहुतांशी उद्भवतच नाही.

इंग्लंडच्या इमारत नियमांत खोलीच्या छताला किमान उंचीच नाही, हे कळल्यावर लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि मग जिन्यावर अडकतात. जिन्यावर साधारणतः 2 मीटर मोकळी उंची लागते. पोटमाळ्याच्या रूपांतरात जागा नसल्यास जिन्याच्या मध्यभागी 1.9 मीटर आणि कडेला 1.8 मीटरपर्यंत सवलत आहे. भारताच्या 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत मात्र राहण्याच्या खोलीची सर्वसाधारण किमान उंची 2.75 मीटर आहे, तर छपराखालच्या पोटमाळ्याची व्याख्याच सामान ठेवण्यासाठीची, कमाल 1.5 मीटर उंचीची जागा अशी आहे. अशा जागेचा प्रश्न अर्जाची भाषा सुधारून सुटत नाही. छप्पर उचलावे लागते आणि तो वेगळ्या परवानगीचा विषय आहे.

मोजमाप केव्हा घेतले, यानेही निकाल बदलतो. नियमातली उंची तयार मजल्यापासून तयार छतापर्यंतची असते. जुन्या मजल्याच्या तुळया अशक्त असल्याने त्यांच्या शेजारी अधिक खोल तुळया घातल्या, वर फळ्या टाकल्या, वाशांखाली उष्णतारोधक थर आणि त्याच्या वर हवा खेळण्यासाठी किमान 1 इंच पोकळी ठेवली, आणि शेवटी छताचे बोर्ड लावले, की आज साडेसात फूट दिसणारी उंची सात फुटांखाली सहज जाते. म्हणून छेदचित्रात (घर उभे कापल्यासारखे दाखवणाऱ्या चित्रात) हे सर्व थर जाडीसह दाखवावेत.

कोणाकडेच नसलेला कागद

ओळखपत्र, मालकीचा पुरावा, कराची पावती आणि शुल्क यांत फारसे कोणी अडत नाही. अडते ते घराच्या मूळ मंजूर नकाशावर. जुन्या घराच्या बाबतीत तो मालकाकडे क्वचितच असतो, आणि ज्या कार्यालयाने तो पूर्वी मंजूर करून जपून ठेवायला हवा, तेच तो अर्जदाराकडे मागते. यावर चरफडून उपयोग नाही. अभिलेख विभागाकडे प्रमाणित प्रतीची लेखी मागणी करावी, आणि नकाशा उपलब्ध नसल्याचे उत्तर आले तर तेही लेखी घ्यावे. त्या उत्तरासोबत परवानाधारक वास्तुविशारदाने प्रत्यक्ष मोजून काढलेला सद्यःस्थितीचा आराखडा जोडल्यास अर्ज पुढे सरकण्याची शक्यता बरीच वाढते. तोंडी ‘मिळत नाही’ला फाइलमध्ये काहीच किंमत नसते.

दुसरा कागद संरचना अभियंत्याच्या दाखल्याचा. पोटमाळ्याचा मजला बहुधा खालच्या खोलीचे छत धरण्यापुरताच बांधलेला असतो. वरील अमेरिकी संहितेत सामान न ठेवण्याच्या पोटमाळ्यासाठी दर चौरस फुटाला 10 पौंड, मर्यादित सामानासाठी 20 पौंड आणि झोपण्याच्या खोलीसाठी 30 पौंड चल भार (माणसे, सामान यांचा बदलता भार) धरला जातो. ‘इतकी वर्षे ट्रंका ठेवल्या, काही झाले नाही’ हा पुरावा होत नाही. अभियंत्याने फळ्या उचलून तुळयांची खोली, अंतर आणि कीड पाहिलेली असावी. न पाहता दिलेला एका ओळीचा दाखला बहुधा परत येतो, आणि तो परत यावा हेच बरे. डोक्याला लागतात म्हणून वाशांना जोडणारे आडवे दांडे आधीच कापून टाकण्याचा मोह आवरावा. ते छप्पर फाकू देत नाहीत, त्यामुळे त्यांच्या जागी काय येणार याची गणिते अर्जासोबत द्यावी लागतात.

त्याच अमेरिकी संहितेनुसार ओढून उतरवायची शिडी हा झोपण्याच्या खोलीचा मार्ग होऊ शकत नाही. 36 इंच रुंदीचा आणि 6 फूट 8 इंच मोकळ्या उंचीचा जिना लागतो. शिवाय संकटात बाहेर पडता येईल अशी खिडकी हवी. तिची उघडणारी उंची किमान 24 इंच, रुंदी किमान 20 इंच आणि उघडणारे क्षेत्रफळ किमान 5.7 चौरस फूट असावे लागते, तसेच उघडणारा भाग मजल्यापासून 44 इंचांच्या आत सुरू व्हावा लागतो. 24 गुणिले 20 इंचांची खिडकी दोन्ही किमान मापे पाळते, पण तिचे क्षेत्रफळ सव्वातीन चौरस फुटांच्या आसपासच भरते. खिडकी विकत घेतल्यावर हे लक्षात येणारे अर्जदार कमी नाहीत. रुंदी 20 इंचच ठेवायची असेल, तर उंची 41 इंचांहून किंचित अधिक लागते. उलट, खिडकी मजल्यापासून 24 इंचांहून खाली आणि बाहेरच्या जमिनीपासून 72 इंचांहून वर उघडत असेल, तर मूल पडू नये म्हणून ती 4 इंचांहून अधिक न उघडण्याची सोय करावी लागते, मात्र संकटात ही अटक किल्ली किंवा हत्याराशिवाय सुटली पाहिजे. कायमचे गज लावून हा प्रश्न सोडवू नये. धूरसूचक खोलीत आणि खोलीबाहेर, दोन्हीकडे हवा.

फळ्यांखाली वर्मिक्युलाइट या उष्णतारोधक खनिजाचा खडीसारखा थर सापडल्यास काम थांबवावे. अमेरिकेतील लिबी येथील खाणीतून 1990 पर्यंत निघालेल्या वर्मिक्युलाइटमध्ये फुफ्फुसांना घातक असलेले अॅस्बेस्टॉस मिसळलेले होते. तो थर झाडून काढू नये. तपासणीचा अहवाल अर्जाला जोडावा.

मुदत

या अमेरिकी संहितेतील 180 दिवसांची मुदत सर्वाधिक चुकीची वाचली जाते. एक मुदत अर्जाला आहे: अर्ज देऊन 180 दिवसांत पाठपुरावा झाला नाही, तर तो सोडून दिलेला मानला जातो. दुसरी परवान्याला आहे: मिळाल्यापासून 180 दिवसांत काम सुरू झाले नाही, किंवा सुरू होऊन तितके दिवस बंद पडले, तर परवाना रद्द होतो. 180 दिवसांत काम संपवण्याचे बंधन यात नाही. त्रुटीपत्राला उत्तर तयार नसेल, तर मुदतवाढीचा लेखी अर्ज मुदत संपण्याआधी द्यावा.

सांगाडा, वीजजोडणी आणि उष्णतारोधक थर यांची तपासणी बोर्ड लावण्यापूर्वी होते. निरीक्षक येण्याआधी भिंती बंद केल्या, तर त्या उघडायला लावल्या जातात. ज्यांनी किंवा ज्यांच्या आधीच्या मालकाने परवानगीशिवायच काम उरकले आहे, त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये 11 नोव्हेंबर 1985 नंतरच्या कामाला नियमितीकरण प्रमाणपत्राची वाट खुली आहे, परंतु तेथेही झाकलेले भाग उघडून दाखवण्याची मागणी होऊ शकते आणि तो खर्च अर्जदारालाच करावा लागतो.