बायोस : पुढे नेणे आणि मागे आणणे

मदरबोर्डवर करंगळीच्या नखाएवढी, आठ पायांची एक फ्लॅश चिप असते. क्षमता बहुधा १६ किंवा ३२ मेगाबाइट. बायोस, म्हणजे संगणक सुरू करून देणारा मूळ प्रोग्राम, तिच्यातच असतो आणि बटण दाबल्यावर प्रोसेसर पहिली आज्ञा तिथूनच उचलतो. विंडोजची पाळी बरीच नंतर.

या चिपमध्ये लिहिताना बिट १ चा ० करता येतो. ० चा पुन्हा १ करायचा, तर ४ किंवा ६४ किलोबाइटचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. म्हणून अपडेट, म्हणजे बायोस नव्या आवृत्तीवर नेणे, म्हणजे आधी पुसणे, मग लिहिणे, मग पडताळणे. पुसून झाले आणि लिहिणे अर्ध्यावर असताना वीज गेली, की पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच राहते. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. लॅपटॉपची बॅटरी भरलेली आणि चार्जरही लावलेला हवा.

सध्याची आवृत्ती विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये दिसते. बोर्डाचे मॉडेल मात्र रिव्हिजनसकट (त्याच मॉडेलच्या सुधारित आवृत्तीच्या क्रमांकासकट) बघा. गिगाबाइटच्या बोर्डांवर ते कोपऱ्यात छापलेले असते आणि एकाच नावाच्या दोन रिव्हिजनचे बायोस वेगळे असू शकतात. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे एन्क्रिप्शन) चालू असेल तर तो आधी सस्पेंड करा, नाहीतर पुढच्या वेळी संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागत बसेल. बायोसच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अपडेटनंतर सगळी सेटिंग बहुधा कारखान्यातल्या मूळ स्थितीत जातात, आणि डिस्क चालवण्याचा मोड रेडवरून एएचसीआयवर (किंवा उलट) गेला तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून थांबते. दोष अपडेटला दिला जातो, गडबड त्या एका सेटिंगची असते.

बायोसची फाइल अनझिप करून एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाका आणि बायोसमधल्याच एम-फ्लॅश (एमएसआय), क्यू-फ्लॅश (गिगाबाइट) किंवा ईझी फ्लॅश (असुस) या सोयीने चढवा. विंडोजमधून चढवण्याची सोय असते, पण मध्येच काही हँग झाले तर पंचाईत. नंतर संगणक दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट होतो. डीडीआर५ रॅमच्या बोर्डावर मेमरी ट्रेनिंगमुळे (बोर्ड रॅमशी जुळवून घेत असल्याने) काही मिनिटे काहीच दिसत नाही. घाबरून स्विच बंद करणारे नेमके इथेच फसतात.

मागे, म्हणजे जुन्या आवृत्तीवर, यायचा रस्ता मात्र दर वेळी उघडा नसतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरसाठीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डांचे उदाहरण घ्या. रायझनच्या इतक्या पिढ्यांचा कोड १६ मेगाबाइटमध्ये मावेना, म्हणून नव्या बायोसमधून काही जुन्या प्रोसेसरचा आधार काढावा लागला. एमएसआयने बी४५० मॅक्स बोर्डांवर ३२ मेगाबाइटची चिप बसवली, ती याच अडचणीपायी. २०२० मध्ये बी४५० बोर्डांना रायझन ५००० चा आधार देताना एएमडीने हा रस्ता एकेरी असेल, असे आधीच सांगितले होते. दुसरा अडसर सुरक्षेचा. लेनोव्होच्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये ‘सिक्युअर रोलबॅक प्रिव्हेन्शन’ चालू असेल तर जुनी फाइल नाकारली जाते. काही ठिकाणी तर मागे जाऊच नये. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर जादा व्होल्टेज जाऊ नये म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला, बायोसबरोबर येणारा कोड) आला. त्याआधीच्या बायोसवर परतलात तर हे संरक्षणही जाते, आणि झालेली झीज कुठल्याच अपडेटने भरून निघत नाही.

बोर्ड बंद पडलाच आणि फ्लॅशबॅकचे (संगणक चालू न करता पेनड्राइव्हवरून बायोस चढवण्याचे) बटण असेल, तर प्रोसेसर-रॅमशिवायही काम भागते : फक्त पॉवर सप्लाय, खूण केलेला यूएसबी पोर्ट आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या नेमक्या नावाची फाइल. नाव चुकले तर दिवा थोडा लुकलुकतो आणि पुढे काहीच होत नाही.

बटणच नसेल तर दुसऱ्या संगणकावरून थेट चिपवर लिहिणारे सीएच३४१ए प्रोग्रामर हे उपकरण आणि चिपला लावायची आठ पिनांची क्लिप. आधी चिपवरचा क्रमांक वाचा, १.८ व्होल्टच्या चिपला ३.३ व्होल्ट दिले तर ती जळू शकते. क्लिपची लाल तार चिपवरच्या ठिपक्याच्या बाजूला येते. काही लिहिण्याआधी जुना मजकूर दोनदा वाचून दोन्ही फाइली जुळतात का ते बघा आणि जपून ठेवा : अनुक्रमांक, मॅक ॲड्रेस, लॅपटॉप असेल तर बहुधा विंडोजची कीसुद्धा त्यातच असते. असुसच्या ‘कॅप’ (.CAP) या बायोस फाइलच्या सुरुवातीला सहसा २,०४८ बाइट जादा असतात. ते कापल्याशिवाय फाइल चिपच्या मापाची होत नाही.