जेटीआधी जाळ्याचा आस

दापोलीजवळच्या हर्णै बंदराला जेटी हवी, ही मागणी आहे; पण त्याआधी जाळ्याबद्दल बोलू. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव सुरू झाला की पर्यटक सुवर्णदुर्गाचे फोटो काढतात. माझी नजर मात्र मासळीच्या पाट्यांवर असते. त्यात वीतभर सुरमई दिसली की चुटपुट लागते. राज्याने 2023 मध्ये 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. सुरमईसाठी ती 370 मिलिमीटर आहे, म्हणजे दीड वीत आणि वर दोन बोटं.

हे केवळ भूतदयेपोटी नाही. माशाचं वजन ढोबळमानाने लांबीच्या घनाच्या पटीत वाढतं: लांबी दुप्पट, तर वजन आठपट! मधल्या काळात काही पिल्लं मोठ्या माशांच्या पोटात जातील, हे धरलं तरी थांबणं फायद्याचंच. शिवाय मोठ्या सुरमईला किलोमागे भावही चढा.

मग खलाशी पिल्लं सोडून का देत नाहीत? कारण ट्रॉल, म्हणजे नौकेमागून ओढायचं पिशवीसारखं जाळं, वर ओढेपर्यंत ती बहुतेक मेलेलीच असतात. सुटका व्हायची तर ती पाण्यातच व्हायला हवी. इथे जाळ्याचा आस, म्हणजे त्याचं एकेक भोक, महत्त्वाचा. नेहमीच्या जाळ्याचे आस शंकरपाळ्यासारखे असतात. कांद्याची जाळीदार पिशवी भरून उचला: वजनाने ताण आला की भोकं मिटतात. ट्रॉलच्या शेपटाकडच्या पिशवीतही हेच होतं. तीच जाळी 45 अंशांत तिरकी फिरवून आस चौकोनी केले, तर ताणाखालीही ते उघडे राहतात आणि पिल्लं निसटतात. म्हणून 40 मिलिमीटरच्या चौकोनी आसाचा आग्रह.

अडचण जाळ्यात नाही, शेजारच्या नौकेत आहे. खलाशी म्हणणार, मी सोडलेलं पिल्लू तिच्या जाळ्यात जाणार असेल, तर डिझेलचं बिल डोक्यावर घेऊन मी ते का सोडावं? नियम तर आहेत: एलईडी दिवे लावून मासेमारीला 2017 पासून केंद्राची बंदी आहे. पण जून-जुलैची 61 दिवसांची मासेमारीबंदी तेवढी सगळे पाळतात, कारण तेव्हा समुद्रच पहारा देतो. बाकीच्या दहा महिन्यांचा पहारा कुणी द्यायचा, हे बंदराच्या आराखड्यात यायला हवं.

जेटी हवीच, त्यात वाद नाही. हर्णैच्या नौका उघड्या समुद्रात नांगर टाकतात. वादळ आलं की आंजर्ल्याच्या खाडीत शिरायचं, पण तिच्या मुखाशी गाळ. 2020 च्या निसर्ग वादळाने दापोलीच्या या किनाऱ्याला चांगलाच तडाखा दिला. पण जेटी म्हणजे जास्त नौका, आणि मासे काही काँक्रीटवर वाढत नाहीत.

त्यापेक्षा मला बर्फाचा प्रश्न जवळचा वाटतो. शून्य अंशाजवळ मासळीतले जिवाणू मंदावतात. उन्हात, वाळूवर ते झपाट्याने वाढतात. नौकेतून होडीत, होडीतून बैलगाडीत आणि मग लिलावात, या प्रवासात बर्फ कुठे कमी पडला ते मासळीच सांगते. घेणारी मावशी आधी कल्ला उचलते. तो लाल असेल तर बोली चढते. तपकिरी दिसला की ती काही न बोलता पुढच्या पाटीकडे वळते.