मेडिकेअर व मेडिकेडमधील गैरव्यवहार आणि संघीय नियंत्रण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारी पैशावर चालणाऱ्या आरोग्य योजनांतून खोटी किंवा फुगवलेली बिले लावून पैसा काढला जाऊ नये आणि काढलाच तर तो वसूल व्हावा, यासाठी संघशासनाने उभारलेली कायदे, लेखातपासणी व न्यायालयीन कारवाई यांची व्यवस्था. मेडिकेअर ही मुख्यतः ६५ वर्षांवरील नागरिकांची योजना संघशासन स्वतः चालवते. मेडिकेड ही अल्प उत्पन्न गटासाठीची योजना संघशासन व घटक राज्ये मिळून चालवतात. दोन्हींचा जन्म एकाच कायद्यातून झाला. त्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मिसूरीतील इंडिपेन्डन्स या गावी सही केली.

या योजनांत ‘पैसे आधी, चौकशी नंतर’ अशी रीत पडली आहे, आणि तिला कारण आहे. मेडिकेअरच्या पारंपरिक शाखेतच वर्षाला एक अब्जाहून अधिक दावे येतात. त्रुटी नसलेला दावा ३० दिवसांच्या आत चुकता करण्याचे बंधन आहे. तपासनीसाच्या हाती दाव्यावरचे सांकेतिक क्रमांक असतात, रुग्ण नसतो. तपासणी खरोखर किती वेळ चालली, यंत्र रुग्णाच्या अंगावर किती तास होते, गोळीत औषध पुरेसे होते का, या गोष्टी ठाऊक असतात त्या आतल्या माणसाला. त्यामुळे या व्यवस्थेचा कणा निरीक्षकांची फौज हा नसून आतल्या माणसाला कोर्टात जाण्याचा हक्क देणारा एक जुना कायदा आहे. खोट्या दाव्यांविषयीचा हा अधिनियम या योजनांहून शंभर वर्षांनी जुना असून त्यावर अब्राहम लिंकन यांची २ मार्च १८६३ ची सही आहे.

उगम : खासगी व्यक्तीने सरकारच्या वतीने दावा लावायचा आणि वसुलीत वाटा घ्यायचा, या पद्धतीला विधिग्रंथांत ‘क्वी टॅम’ म्हणतात. तिच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही लेखक रोमन काळातील खबऱ्यांपर्यंत मागे जातात. दोषी ठरलेल्याच्या मालमत्तेचा हिस्सा त्यांना मिळे. मात्र रोमन प्रथा व मध्ययुगीन इंग्लंड यांना जोडणारी सलग कडी दाखवता येत नाही. दुसरा पक्ष केंटचा राजा विट्रेड याच्या सुमारे ६९५ च्या संहितेकडे बोट दाखवतो. निषिद्ध वेळी काम करणाऱ्याची खबर देणाऱ्यास दंडातला अर्धा भाग द्यावा, असे तीत म्हटले आहे. यात बक्षीस आहे, पण खबऱ्याने स्वतः चालवायचा दावा नाही. त्यामुळे याला पूर्वरूप म्हणता येईल, उगम म्हणणे कठीण.

तिसरे मत तेराव्या शतकाच्या अखेरीचे आहे. त्या काळी राजाच्या न्यायालयात सामान्य माणसाला आपली खासगी तक्रार सहजी नेता येत नसे. म्हणून ‘राजाचेही नुकसान झाले आहे’ असे जोडून तो दोघांच्या वतीने दाद मागे. राजन्यायालयांची दारे पुढे सर्वांना खुली झाल्यावर या युक्तीची गरज संपली. परंतु चौदाव्या शतकापासून संसदेने निरनिराळ्या कायद्यांत खबऱ्याचा वाटा घालायला सुरुवात केली आणि ही दुसरी शाखा टिकली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० च्या व्हरमाँट खटल्यात, न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांच्या निकालपत्रात, साधारण हाच क्रम मांडला आहे; उपलब्ध पुराव्याशी तो अधिक जुळतो. खुद्द इंग्लंडने व्यावसायिक खबऱ्यांच्या उपद्रवाला कंटाळून ही पद्धत १९५१ मध्ये मोडीत काढली. अमेरिकेत मात्र पहिल्याच काँग्रेसच्या (संघीय संसदेच्या) अनेक कायद्यांत ती होती.

१८६३ च्या कायद्याची पार्श्वभूमी यादवी युद्धातील लष्करी खरेदीची. बंदुकीच्या दारूच्या पेट्यांत लाकडाचा भुसा निघाला, एकच खेचर दोनदा विकले गेले, या गोष्टी जवळपास प्रत्येक लेखात येतात. त्यांतील प्रत्येकीला समकालीन कागदाचा आधार असेलच असे नाही. त्या मानाने हॉल कार्बाइनचे प्रकरण पक्के आहे. सरकारने मोडीत काढलेल्या सुमारे ५,००० बंदुका प्रत्येकी ३.५० डॉलरना विकल्या गेल्या, मधल्या खरेदीदाराने त्या १२.५० डॉलरना घेतल्या आणि १८६१ मध्ये त्याच बंदुका प्रत्येकी २२ डॉलर भावाने पुन्हा सरकारच्याच सैन्याला विकल्या. प्रतिनिधिगृहाच्या समितीने याची चौकशी केली. कायद्याला ‘लिंकन कायदा’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी सिनेटमध्ये तो मांडून लढवला मिशिगनच्या जेकब हॉवर्ड यांनी. चोर धरायला चोरच लावावा, असे त्यांनी सभागृहात उघड सांगितले होते. नुकसानीच्या दुप्पट भरपाई, दर खोट्या दाव्यामागे २,००० डॉलर दंड आणि वसुलीतला अर्धा वाटा दावा लावणाऱ्याला, असे त्याचे मूळ रूप होते.

उतार व पुनरुज्जीवन : १९४३ मध्ये पिट्सबर्गच्या वीज ठेकेदारांविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयात आला. दावा लावणाऱ्याने सरकारच्याच फौजदारी आरोपपत्रातून माहिती उचलली होती, असा आक्षेप होता. न्यायालयाने तरीही त्याला वाटा दिला. महान्यायवादी फ्रान्सिस बिडल यांनी ही तरतूदच रद्द करण्याची मागणी केली. काँग्रेसने ती रद्द केली नाही, पण सरकारला आधीच ठाऊक असलेल्या माहितीवर दावा लावता येणार नाही अशी अट घातली आणि वाटा बराच घटवला. परिणामी सरकारी कार्यालयात आधी तक्रार करणारा प्रामाणिक माणूसच दाव्याचा हक्क गमावू लागला. पुढची चार दशके कायदा जवळजवळ निपचित होता.

२७ ऑक्टोबर १९८६ च्या दुरुस्तीने तो उठून उभा राहिला. आयोवाचे सिनेटर चार्ल्स ग्रासली आणि कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी हॉवर्ड बर्मन हे तिचे पुरस्कर्ते. भरपाई तिप्पट झाली. सरकार दाव्यात उतरले तर जागल्याला, म्हणजे खबर देऊन दावा लावणाऱ्याला, १५ ते २५ टक्के, न उतरल्यास २५ ते ३० टक्के वाटा ठरला, आणि नोकरीत सूड उगवला गेल्यास दाद मागण्याची सोय झाली. दावा मोहोरबंद, म्हणजे प्रतिवादीला न कळवता, दाखल होतो आणि सरकारला चौकशीला ६० दिवस मिळतात. प्रत्यक्षात मुदतवाढीने यात वर्षे जातात. त्या काळात जागल्याने त्याच कार्यालयात रोज कामावर जायचे असते, आणि या व्यवस्थेची ही किंमत तिच्या आकडेवारीत कुठेच दिसत नाही.

या दुरुस्तीमागेही डोळ्यांपुढे संरक्षण खात्याची खरेदी होती. वैद्यकीय बिले नंतर आली, आणि मग त्यांनीच क्षेत्र व्यापले. सॅन डिएगोच्या एका विक्री प्रतिनिधीच्या तक्रारीतून १९९२ मध्ये नॅशनल हेल्थ लॅबोरेटरीज या कंपनीकडून १११ दशलक्ष डॉलर वसूल झाले. ते प्रकरण नमुनेदार आहे. डॉक्टर रक्ताच्या नेहमीच्या एकत्रित तपासण्या लिहून देत. प्रयोगशाळेने त्या संचात एचडीएल कोलेस्टेरॉल व फेरिटिन या दोन तपासण्या घुसवल्या, डॉक्टरांना त्यांचा भार जाणवू दिला नाही आणि सरकारला त्यांचे वेगळे बिल लावले. डॉक्टरच्या चिठ्ठीत काहीच खोटे नव्हते. तपासणीही खरोखर झालेली होती. खोटी होती ती तिची गरज.

दर दाव्यामागे दंड ही तरतूद वैद्यकीय क्षेत्रात वेगळीच जड पडते, कारण इथे बिले लहान आणि असंख्य असतात. एका प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकाने ३ डॉलरच्या कामाचे १२ डॉलर, असे ६५ वेळा लावले. सरकारचे नुकसान ५८५ डॉलर झाले. कायद्याच्या हिशेबाने दंड १,३०,००० डॉलरच्या वर गेला. फौजदारी शिक्षेनंतर एवढा दंड म्हणजे एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये म्हटले. १९९७ मध्ये ही कसोटी सोडून दिली. २०२५ च्या दराने दंड दर दाव्यामागे १४,३०८ ते २८,६१९ डॉलर इतका आहे. रुग्णालयांनी साध्या चुकांनाही हा बडगा दाखवला जातो अशी ओरड केल्यावर जून १९९८ मध्ये उपमहान्यायवादी एरिक होल्डर यांनी वकिलांना संयमाच्या सूचना दिल्या.

चूक व लबाडी : अयोग्य अधिदान (नियमात न बसता दिले गेलेले पैसे) आणि गैरव्यवहार या गोष्टी वृत्तपत्रांत सर्रास एक केल्या जातात, ते बरोबर नाही. २०२४ च्या वित्तवर्षात पारंपरिक मेडिकेअरमधील अयोग्य अधिदान ७.६६ टक्के, म्हणजे सुमारे ३१.७ अब्ज डॉलर धरले गेले. यात अपुरी कागदपत्रे, राहिलेली सही, चुकीचा क्रमांक हे सारे येते. कायदा विचारतो ते दावेदाराच्या मनातले: खोटेपणा ठाऊक होता काय, किंवा त्याकडे जाणूनबुजून डोळेझाक केली काय. औषध दुकानांनी लावलेल्या किमतींविषयीच्या २०२३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, नियमाचा सोयीस्कर अर्थ वकिलाला नंतर सुचला, हा बचाव होऊ शकत नाही; दावा लावताना स्वतःला काय वाटत होते ते महत्त्वाचे.

बिलात न लिहिलेली गोष्टही खोटी ठरू शकते का, हा दुसरा वाद २०१६ मध्ये सुटला. मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथील मानसोपचार केंद्रात मेडिकेडवर उपचार घेणारी एक किशोरवयीन मुलगी २००९ मध्ये दगावली. तिच्यावर उपचार करणाऱ्या पाच जणांपैकी योग्य परवाना एकाकडेच होता, हे आईवडिलांना नंतर कळले. बिलांवर मात्र पात्र व्यावसायिकांचे क्रमांक होते. अशी अर्धवट माहिती हा खोटा दावा होऊ शकतो, मात्र दडवलेली गोष्ट पैसे देण्याच्या निर्णयावर खरोखर परिणाम करणारी हवी, असे न्यायालयाने ठरवले.

लाच व हितसंबंध : महाराष्ट्रात ज्याला ‘कट प्रॅक्टिस’ म्हणतात, तो रुग्ण पाठवण्याबद्दलचा मोबदला संघीय योजनांत १९७२ पासून गुन्हा आहे, १९७७ मध्ये शिक्षा कडक झाली. १९८५ च्या एका अपील निकालाने याची कसोटी ठरवली. हृदयरोगतज्ज्ञाच्या कंपनीने होल्टर मॉनिटर (हृदयाचे ठोके सलग नोंदवणारे, अंगावर बांधायचे यंत्र) बसवायचे आणि रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला मेडिकेअरच्या पैशातील ४० टक्के, फार तर ६५ डॉलर, ‘अहवाल वाचण्याची फी’ म्हणून द्यायचे, असा तो व्यवहार होता. डॉक्टरने काही काम केलेले असले तरी रकमेचा एक हेतू रुग्ण मिळवणे हा असेल तर ती लाचच, असे न्यायालय म्हणाले. प्रतिनिधी पीट स्टार्क यांच्या नावाने ओळखला जाणारा १९८९ चा कायदा आर्थिक संबंध असलेल्या ठिकाणी रुग्ण पाठवण्यास हेतू न पाहताच मनाई करतो. महाराष्ट्रात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये तयार झाला होता.

यंत्रणा : आरोग्य खात्याचे महानिरीक्षक कार्यालय १९७६ चे आहे. त्याचे सर्वांत धारदार शस्त्र दंड नसून बहिष्करण आहे: यादीत नाव आलेल्या व्यक्तीच्या सेवेचे पैसे कोणतीही संघीय योजना देत नाही. मोठ्या रुग्णालयाला वा औषध कंपनीला वगळले तर रुग्णांचेच हाल, म्हणून तिथे सहसा नियमपालनाचे बंधन घालणारा पाच वर्षांचा सचोटी करार केला जातो. १९९६ च्या कायद्याने आरोग्य क्षेत्रातील फसवणूक हा स्वतंत्र संघीय गुन्हा केला. मार्च २००७ मध्ये मायामी परिसरातून ही फसवणूक शोधणारी विशेष पथके सुरू झाली. मेडिकेडसाठी राज्यांचे गैरव्यवहार नियंत्रण विभाग आहेत. त्यांचा बहुतांश खर्च संघशासन उचलते. राज्यागणिक त्यांचे काम फार वेगळे आहे.

भारताशी खोट्या दाव्यांच्या कायद्याचा थेट संबंध रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीच्या प्रकरणात आला. हिमाचल प्रदेशातील पाओंटा साहिब व मध्य प्रदेशातील देवास येथील कारखान्यांतली निकृष्ट औषधे सरकारी योजनांच्या पैशाने अमेरिकेत विकली गेली. मे २०१३ मध्ये कंपनीच्या अमेरिकी शाखेने गुन्हा कबूल केला आणि एकूण ५०० दशलक्ष डॉलर भरण्याचे ठरले. त्यांपैकी ३५० दशलक्ष दिवाणी तडजोडीचे होते. कंपनीतून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्याला सुमारे ४८.६ दशलक्ष डॉलर वाटा मिळाला. भारतात खासगी व्यक्तीला असा दावा लावण्याची तरतूद नाही. त्याच औषधांची गोष्ट देवासच्या न्यायालयात नव्हे, मेरिलँडच्या न्यायालयात उलगडली.

घटनात्मक वाद : २०२४ च्या वित्तवर्षात जागल्यांनी ९७९ दावे लावले. त्या वर्षी वसुली २.९ अब्ज डॉलरहून अधिक झाली आणि तीत आरोग्य क्षेत्राचा वाटा १.६७ अब्जांच्या आसपास होता. याच सुमारास कायद्याच्या मुळावर घाव पडला. २०२३ मध्ये न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी भिन्नमत पत्रात या पद्धतीच्या घटनात्मकतेवर शंका घेतली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी फ्लोरिडाच्या मध्य जिल्ह्यातील न्यायाधीश कॅथरिन किंबल मिझेल यांनी ती घटनाबाह्य ठरवली. सरकारची शक्ती वापरणारा माणूस रीतसर नेमलेला हवा, आणि जागल्याची नेमणूक कोणीच करत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. अपील अकराव्या परिमंडळाच्या संघीय अपील न्यायालयाकडे गेले. याआधी पाचव्या, सहाव्या, नवव्या व दहाव्या परिमंडळाच्या न्यायालयांनी ही पद्धत वैध मानली होती. पहिल्या काँग्रेसमध्ये बसलेल्यांपैकी अनेकांनी घटना स्वतः घडवली होती आणि त्यांनीच असे कायदे केले, हे लक्षात घेता जुने मत अधिक सबळ वाटते.