एकाच पाटावरचे दोघे

साक्री-धुळ्याकडे पांझरेच्या काठाने जुने बंधारे दिसतात. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाला चाऱ्या फुटतात आणि भिजणारी जमीन तीन-चार फडांत वाटलेली असते. एका फडात सगळ्यांचे एकच पीक. पाटकरी पाणी देतो, जागल्या राखण करतो. खानदेशातली ही फड पद्धत काही शतके जुनी. इथे दोन शेतकऱ्यांत बोलाचाली झाली, तर ती बहुधा पाण्याच्या पाळीवरून.

इंग्रजीतल्या ‘रायव्हल’ या शब्दाचे मूळ अशाच पाटावर आहे. लॅटिनमध्ये ‘रीवुस’ म्हणजे ओहोळ किंवा पाट, आणि ‘रीवालिस’ म्हणजे त्याच पाटावर भिजवणारा शेजारी. इ.स. 533 मध्ये जाहीर झालेल्या ‘डायजेस्ट’ या रोमन कायदेसंग्रहात उल्पियन या कायदेपंडिताचा उतारा आहे. पाण्याच्या वापरावरून तंटा झाला तर काय करावे हे सांगताना तो या शब्दाचा अर्थही देतो : एकाच पाटाने पाणी नेणारे. त्याच्या कितीतरी आधी लॅटिन नाटककारांनी हाच शब्द एकाच स्त्रीच्या मागे लागलेल्या दोन पुरुषांना लावला होता.

आपल्याकडची वाट निराळी, पण ती येऊन पोचते तिथेच. वेदांत शत्रूला ‘सपत्न’ म्हटले आहे. तो ‘सपत्नी’वरून, म्हणजे सवतीवरून घडला. पुल्लिंगी शब्दावरून स्त्रीलिंगी घडणे नेहमीचे. इथे उलटे झाले. मराठीतली ‘सवत’ याच सपत्नीची लेक. दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होतो, जसा दीपचा दिवा आणि कपाटाचे कवाड. असे बदल नियमाने होतात, म्हणून शब्दाची वंशावळ मांडता येते. नुसत्या सारख्या उच्चारावर विसंबून चालत नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो संस्कृतातला ‘भ्रातृव्य’. अर्थ पुतण्या, आणि अर्थ शत्रूही! व्याकरणकार पाणिनीने त्यासाठी लागोपाठ दोन सूत्रे दिली आहेत. दुसरे सूत्र ‘व्यन् सपत्ने’, म्हणजे शत्रू या अर्थी ‘व्यन्’ हा प्रत्यय. शत्रू सांगायला त्याने सपत्न हाच शब्द घेतला. दोन्ही अर्थांत अक्षरे तीच, फरक फक्त स्वराचा, म्हणजे आवाज कुठल्या अक्षरावर चढतो याचा. पुतण्या म्हणायचा असेल तर स्वर शेवटच्या अक्षरावर, शत्रू म्हणायचा असेल तर पहिल्यावर. त्या काळी आवाजाच्या चढउतारावरून ऐकणाऱ्याला कळायचे, घरातले पोर आले की वैरी.

संस्कृतातले ते स्वर आता आपल्या बोलण्यात उरलेले नाहीत. पण ‘भाऊबंद’ म्हणजे नातलग आणि ‘भाऊबंदकी’ म्हणजे त्यांच्यातले भांडण, हे बांधाला बांध लागलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.